कर्सर

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर चिटपाखरू नसतं, हे तिनं दोन वर्षांत नीट हेरून ठेवलं होतं. दहाचे तास अजून चालू असतात, साडेअकराचे सुरू व्हायचे असतात, ऑफिसमधल्या बाई खाली चहाला गेलेल्या असतात. त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये कागद ठेवायचा आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता परतायचं. त्या मंगळवारीही ती अर्ज ठेवून बाहेर पडली, आणि जिन्याच्या चार पावलं अलीकडे तिला मागून आवाज आला. आवाज म्हणावा की नाही, हेच तिला पहिल्यांदा कळेना. दाढीचं मशीन बोलायला शिकलं तर जसं बोलेल तसं ते काहीतरी होतं. चढ नाही, उतार नाही, सगळे शब्द एकाच पट्टीत. तेरा नंबरची खोली कुठे आहे. प्रश्नाच्या शेवटी आवाज वर जातो तसा तो गेलाच नाही, त्यामुळे तो प्रश्न आहे हेही तिला वळून चेहरा पाहिल्यावर समजलं. साठीचा गृहस्थ, इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, गळ्याभोवती पांढऱ्या कापडाची पट्टी, एका हातात फाइल. दुसऱ्या हातातलं टॉर्चसारखं यंत्र त्यानं हनुवटीखाली दाबून धरलेलं. ओठ हलायचे थांबले होते, पण चेहरा अजून विचारत होता, भुवया उंचावून, अगदी आपुलकीनं. तेरा नंबरची खोली तिच्या डाव्या हाताला दुसरीच होती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण हात उठला नाही, पाय मात्र उठले. तीन मजले उतरून ती मुलींच्या स्वच्छतागृहात शिरली, नळ सोडला आणि वाहत्या पाण्याखाली मनगटं धरून उभी राहिली.

कुणीही विचारलं असतं तरी ती पळालीच असती, हे तिला ठाऊक होतं. गोड गळ्याच्या गायिकेनं विचारलं असतं तरी. प्रश्न अंगावर आला की तिच्या छातीत कुणीतरी पटकन दार लावून घेई आणि मग आतून कितीही धक्के मारले तरी ते उघडत नसे. एकदा बसमध्ये 'उतरायचंय' एवढा एक शब्द ड्रायव्हरपर्यंत पोचवता आला नाही म्हणून ती दोन स्टॉप पुढे गेली होती आणि उन्हातून चालत मागे आली होती. चालताना तो शब्द तिनं मनात किमान पन्नास वेळा, अगदी स्वच्छ उच्चारला होता. पण हे त्या माणसाला कुठून कळणार? त्याला एवढंच दिसलं असणार की आपण बोललो आणि एक धडधाकट मुलगी भूत पाहिल्यासारखी पळाली. नळाचं पाणी गार होतं आणि तिचे कान मात्र तापले होते.

असं नव्हतं की तिला बोलायला काही नसे. वर्गाच्या ग्रुपवर चाळीस जण होते आणि त्या चाळिसांना दिवसातून दोनदा तरी पोट धरून हसायला लावणारी तीच होती. तिच्या वर्गाचे बहुतेक तास ऑनलाइनच होत; तिथे तिचा माइक कधी उघडलाच नाही म्हणून कुणीतरी तिला 'म्यूट' म्हटलं आणि तिनं ते नाव उचलून आपल्याच माथ्यावर लावून घेतलं. म्यूटनं काय लिहिलंय बघ, असं लोक एकमेकांना कॅन्टीनमध्ये म्हणत, आणि शेजारच्या टेबलावर ती खाली मान घालून जेवत असे. लिहिताना तिला कशाची धास्ती वाटत नसे. वाक्य आधी आपल्याकडे असतं, त्याला हवं तेवढं थांबवता येतं, पुसता येतं; समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते बघावं लागत नाही. वसतिगृहात तिची रूममेट कायद्याची विद्यार्थिनी होती, सगळे तिला वकीलसाहेब म्हणत. दोघींच्या पलंगांत चार फुटांचं अंतर, तरी पंखा बंद करू का, हेही ती मेसेज पाठवून विचारायची. वकीलसाहेब सुरुवातीला हसल्या, मग चिडल्या, मग त्यांनाही सवय झाली.

हे कुठून आलं याचा ती कधीकधी शोध घेई आणि दर वेळी एका टेबलाखाली जाऊन पोचे. आई एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोनवर होती. सुट्टीत घरी सांभाळायला कुणी नसलं की ती आईच्या टेबलाखाली बसून चित्रं रंगवायची आणि वरून आईचा आवाज सारखा वाहत असायचा: नमस्कार, थांबा, जोडून देते, डॉक्टर राउंडला गेलेत, हो, कळतंय मला, रडू नका, थांबा, जोडून देते. दिवसाला तीनशे माणसं त्या आवाजाला धरून राहायची. संध्याकाळी घरी आल्यावर आईचा आवाज संपलेला असे. ती खुणेनंच पाणी मागे, पाय पोटाशी घेऊन पडून राही आणि मुलीला जवळ ओढून घेई. त्या कुशीत एक शब्दही नसायचा. बोलणं म्हणजे आईला दिवसभर कुरतडणारं काहीतरी आणि गप्प असणं म्हणजे आई मिळणं, असा काहीसा हिशेब त्या टेबलाखालच्या मुलीनं मांडून ठेवला असावा. आईला हे सांगितलं तर वाईट वाटेल म्हणून तिनं कधी सांगितलं नव्हतं. आई अजूनही रोज फोन करायची, ही तो कापायची, आणि लगेच लिहायची: बोल आई, वाचतेय.

त्या दिवशी दुपारी चारला तिनं फाइल उघडली. एका बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी, नव्वद वर्षांच्या, शाईनं लिहिलेल्या, कारकुनांनी. त्या पानांचे फोटो बघून आकडे तक्त्यात उतरवायचे, चुका शोधायच्या, त्यातून समुद्राच्या वागण्याबद्दल काही म्हणता येतं का बघायचं, हा तिचा पदवीचा प्रकल्प. खोलीत बसून करता येतो म्हणून तिनं तो घेतला होता, आणि मग त्यात तिचा जीव गुंतला. मार्गदर्शक सर दोन वर्षांत कुणाला दिसले नव्हते. ते ऑनलाइन तासालाही नुसतं लिहीत. त्यांचा कॅमेरा बंद, माइक बंद, आणि पडद्यावरच्या सामायिक कागदावर मात्र एक हिरवी उभी रेघ लुकलुकत पुढे सरकत जायची, तिच्यामागे उमटत जाणारी अक्षरं. वर्गानं त्यांचं नाव ठेवलं, कर्सर. काहींच्या मते ते परदेशात होते, काहींच्या मते ते माणूसच नव्हते, विद्यापीठानं कुठलंसं सॉफ्टवेअर विकत आणलं होतं. तिला मात्र खात्री होती की ते आपल्यातले आहेत. त्यांनाही वाक्य आधी आपल्याकडे ठेवून घ्यायला आवडतं.

आणि काय लिहायचे ते. पहिल्या महिन्यात तिनं एका आकड्यापाशी शंका काढली तेव्हा ती हिरवी रेघ खाली उतरत उतरत तिच्या शेजारी येऊन थांबली. त्यांनी लिहिलं, इथे कारकून बदलला आहे, सातची शेपटी बघा. तिनं बघितलं. खरंच, काल सातची शेपटी डावीकडे वळत होती, आज ती सरळ खाली. नव्वद वर्षांपूर्वीचा एक माणूस आदल्या संध्याकाळी घरी गेला होता आणि परत आला नव्हता. मग सरांनी लिहिलं, हा नवा माणूस घाबरट दिसतो, खोडतो फार, पण खोटं लिहीत नाही. त्या दिवसानंतर तिला आकड्यांमागे हात दिसू लागले, हातांमागे पहाटेचं बंदर, आणि त्या सगळ्याच्या मागे पाणी. दिवसातून दोनदा चढणारं, दोनदा उतरणारं, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येणारं. कारकून आले गेले, शाया बदलल्या, त्या पाण्यानं मात्र एक पाळी चुकवली नव्हती. ती कधीकधी की-बोर्डवरचे हात उचलून नुसती बसून राही. एवढं मोठं काहीतरी एवढ्या बारीक अक्षरांतून आपल्यापर्यंत येतं, आणि ते दाखवणारा कुणीतरी एक रेघ होऊन शेजारी उभा असतो, हे तिला एखाद्या देणगीसारखं वाटे.

चार वाजून सात मिनिटांनी रेघ आली. एका पानावरच्या दोन चुका दाखवून झाल्या. मग थोडा वेळ ती जागच्या जागी लुकलुकत राहिली आणि पुढे अक्षरं उमटली. आज दोन वर्षांनी विभागात पाऊल ठेवलं. नव्या इमारतीत तेरा नंबर सापडेना. एका मुलीला विचारलं तर ती पळूनच गेली. तुम्हाला सांगायला हरकत नाही, माझं स्वरयंत्र शस्त्रक्रियेत काढलं आहे, यंत्र लावून बोलतो. लोक दचकतात.

तिनं तीनदा वाचलं. मग 'सर' असं लिहिलं आणि पुसलं. 'सर, ती' असं लिहिलं आणि पुसलं. 'माफ करा' लिहिलं, पुसलं. आपलं हे सगळं येणं-जाणं पलीकडे दिसतंय याचं तिला भान राहिलं नव्हतं. पलीकडून वाक्य आलं: काय झालं? तुमचा कर्सर अडखळतोय.

काही नाही सर, नेटचा प्रॉब्लेम, असं तिनं लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. लाज तर वाटलीच, पण तिच्याखाली आणखी काहीतरी हललं होतं. ते आपल्यातले नव्हतेच. त्यांनी गप्प राहणं निवडलं नव्हतं. त्यांच्याकडून बोलणंच काढून घेतलं होतं. आणि तिच्या गळ्यात तर सगळं जिथल्या तिथे होतं, धड, न वापरलेलं, कपाटात घडी करून ठेवलेल्या नव्या कापडासारखं. आणि तरी तो माणूस त्या घुरघुरणाऱ्या यंत्रासकट एका रिकाम्या मजल्यावर जाऊन अनोळखी मुलीला रस्ता विचारत होता. हे कसं करतात? कशाच्या बळावर करतात? तिनं ते सगळं वकीलसाहेबांना लिहून पाठवलं. चार फुटांवरून उत्तर तोंडीच आलं. "मग जाऊन सांग ना, मी होते म्हणून." तिनं टाइप केलं, कसं? वकीलसाहेबांनी कूस बदलली आणि म्हणाल्या, "तोंडानं."

ट्रेमध्ये तिनं जो अर्ज ठेवला होता तो तोंडी परीक्षेबद्दलच होता. शुक्रवारी दुपारची तोंडी परीक्षा आपल्याला ऑनलाइन आणि लेखी देऊ द्यावी, अशी विनंती. बुधवारी सरांचं उत्तर आलं. अर्ज वाचला, सही केली आहे. कारण विचारत नाही, लिहिणं मलाही सोपं जातं. शुक्रवारी सकाळी दहाला मात्र माझं व्याख्यान आहे, शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं. यायलाच हवं असं नाही. एवढंच. त्यांनी ओढलं असतं, चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर तिला आत दार लावून बसता आलं असतं. त्यांनी काहीच केलं नाही, आणि दोन दिवस ती त्या उघड्या जागेत अस्वस्थ फिरत राहिली.

शुक्रवारी पावणेदहाला ती सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, दाराशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. वर्गातली मुलं येऊ लागली. कुणाला कसला विनोद आवडतो, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाच्या वडिलांना परवा दवाखान्यात नेलं, सगळं तिला माहीत होतं; चेहरे मात्र तिनं असे एकत्र, इतक्या जवळून पाहिले नव्हते. शेजारी बसलेल्या मुलानं तिला विचारलं, पहिल्या वर्षाला आहेस का? कालच तिच्या एका ओळीवर त्यानं हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली होती. तिनं मान हलवली, हो की नाही ते तिलाही कळलं नाही.

सर आले, तोच फिकट निळा शर्ट. त्यांनी यंत्र गळ्याला लावलं आणि नमस्कार म्हणाले. दुसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी तिकडे बघितलं आणि ते त्याच सपाट आवाजात म्हणाले की सुरुवातीला असंच होतं, पाच मिनिटांत कान रुळतात, माझेही रुळायला महिना लागला होता. मग ते पाण्याबद्दल बोलू लागले. चंद्र पाण्याला कसा उचलतो, सूर्य त्यात कधी साथ देतो आणि कधी आडवा येतो, किनाऱ्याचा आकार त्याला कसा अडवतो; आणि या सगळ्या ओढाताणीतून शेवटी एका कारकुनाच्या वहीत सकाळी सहा वाजता एक आकडा कसा येतो. चढउतार नसलेला तो आवाज चढउतारांबद्दलच सांगत होता. थोड्या वेळानं तिला यंत्र ऐकू येईनासं झालं आणि नुसतं पाणी ऐकू येऊ लागलं. पुढे पुन्हा यंत्र ऐकू आलं, आणि या खेपेला तिच्या अंगावर काटा आला. गळ्यातलं बोलणं नाहीसं झालं तरी माणसाला सांगायचं असतं ते मागे उरतंच, आणि ते एवढ्याशा घुरघुरीवर स्वार होऊन शंभर माणसांपर्यंत येऊन पोचतं, हे ती डोळ्यांनी बघत होती.

तेवढ्यात आवाज बंद झाला. सरांचे ओठ दोन शब्द पुढे गेले आणि थांबले. त्यांनी एक बोट वर केलं, जरा थांबा असं. यंत्र टेबलावर ठेवलं. त्याचं झाकण काढलं, आतला सेल बाहेर काढला, शर्टाच्या खिशातून नवा घेतला. तो उलटा बसला. तो काढला, चष्मा कपाळावर सरकवला, सेल डोळ्यांजवळ नेऊन त्यावरची अधिकची खूण शोधली. सभागृहात खोकले सुरू झाले. मुलांनी माना खाली घातल्या, खिशांतून फोन निघाले, शंभर लोक स्वतःला कुठे ठेवावं ते न कळून चुळबुळू लागले. तिचाही हात फोनकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिला नजर काढता येईना. सगळ्यांच्या समोर, सगळे बघत असताना, शब्द बंद पडणं: जन्मभर तिनं ज्याला टाळण्यासाठी जिने उतरले, बसचा स्टॉप चुकवला, आईचे फोन कापले, ते तिच्यासमोर उजेडात घडत होतं, आणि त्याच्या मध्यभागी तो माणूस बुटाची नाडी बांधावी तितक्या सहज उभा होता. घाई नव्हती. माफी मागणारं हसू नव्हतं. ही शांतता त्यांना बोचत नव्हती. ती नुसती होती, जशी खोलीत हवा असते. दीड मिनिट गेलं असेल. त्या दीड मिनिटात तिला वाटलं, आपण कसल्यातरी प्रचंड गोष्टीच्या कडेला बसलो आहोत, आणि ती आपल्याला काहीही करणार नाही. सेल बसला. घुरघुर झाली. सरांनी अर्धवट राहिलेलं वाक्य, जिथे तुटलं होतं त्याच शब्दापासून, पुढे चालू केलं.

व्याख्यान संपल्यावर ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. माणसं पांगली. सर फाइल काखेत मारून बाहेर आले आणि तिला पाहून थबकले. ओळख त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आली. तिच्या छातीतलं दार नेहमीसारखं लागलं. ते लागल्याचं तिला कळलं, आणि ती तिथेच उभी राहिली. सर थांबून होते.

"त्या दिवशी मी होते," ती म्हणाली. आवाज घोगरा, चिरकलेला निघाला. "म्हणजे, तुमच्या फाइलमध्येही मीच असते. भरतीच्या."

सरांनी यंत्र लावलं. "अच्छा. म्हणजे कर्सर अडखळला तो उगाच नाही."

"मी पळाले."

"मी घरी पहिल्यांदा हे लावलं तेव्हा आमची नात पलंगाखाली जाऊन बसली. तासभर बाहेर येईना."

"मग?"

"मग मीही पलंगाखाली गेलो. तिथे दोघांना पुरेल एवढी जागा होती."

तिला हसू आलं, आवाज असलेलं. तिनं विचारलं की दुपारची परीक्षा खोलीत येऊन दिली तर चालेल का. सर म्हणाले, अर्जावर सही झाली आहे, लिहून दिलीत तरी मला तितकंच बरं वाटेल. ती म्हणाली, येते. पुढच्या तीन तासांत दोनदा तिनं सरांना मेसेज लिहून पुसला.

खोलीत सरांच्या शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक होत्या, बंदर खात्यातल्या, मोठी पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या, आवाज एकदम खडा. परीक्षा काही छान चालली नाही. पहिल्या उत्तरात तिनं दोन संज्ञांची अदलाबदल केली. दुसऱ्याला ती एवढं हळू बोलली की बाईंनी कानामागे हात धरला. मग बाईंनी तिचा तक्ता उघडला, एका कोऱ्या पट्टीवर पेन ठेवलं आणि विचारलं की एका पावसाळ्यातले हे अकरा दिवस रिकामे कसे, या दिवसांत काय झालं?

बाई थांबल्या, मग सरांकडे पाहू लागल्या. सरांनी हातातलं यंत्र अलगद टेबलावर ठेवून दिलं आणि हात मांडीवर घेतले. आता तिच्याऐवजी कुणी बोलणार नव्हतं. घड्याळ ऐकू येत होतं, खाली कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. पूर्वी अशा वेळी तिच्या डोळ्यांपुढे काळोख यायचा. आज काळोख आला नाही. शांतता पसरत गेली, खोलीएवढी झाली, खोलीबाहेर गेली, आणि तिला त्या शांततेत ते अकरा दिवस दिसू लागले: बंद खोली, कोरी वही, कारकून आजारी असेल, घरी असेल, मेला असेल, आणि बाहेर धक्क्याच्या पायऱ्यांवर काळं पाणी, कुणी बघत नसताना, एक एक पायरी चढत येणारं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. "कुणालाच माहीत नाही. त्या दिवसांचे आकडे मी शेजारच्या बंदरावरून काढून भरू शकले असते, पुष्कळ जण भरतात. मी नाही भरले. पाणी त्या अकरा दिवसांत एकवीस वेळा चढलं असणार, एकवीस वेळा उतरलं असणार. एकदाही चुकलं नसणार. ते किती चढलं ते आपल्याला कधीच कळणार नाही, आणि तरी ते चढलं होतं. मला ते रोज बघून थक्क व्हायला होतं. म्हणून मी ती जागा तशीच ठेवली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग त्यांचा खडा आवाज एकदम मऊ झाला.

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "आता बसा की. उभ्या का?"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आपण केव्हाच्या उभं राहून बोलतोय.